बोल्ट तुटला की नफा तुटतो: सस्पेन्शनच्या कामात अडकलेले नट-बोल्ट कसे काढायचे



मागच्या व्हिडिओत आपण पिकअपचा मागचा शॉकअप बदलला. कॅमेऱ्यासमोर बोल्ट दोन मिनिटांत निघाला. आज एक गोष्ट कबूल करतो. तो बोल्ट मी आदल्या संध्याकाळी तेल मारून, एकदा सैल करून, परत हाताने बसवून ठेवला होता. व्हिडिओ छान दिसला, पण तो पाहून तुमच्यापैकी कोणी ग्राहकाला "अर्ध्या तासात गाडी देतो" असं सांगून बसला असेल, तर त्यात माझी चूक आहे. म्हणून हा लेख.

घराच्या अंगणात किंवा एका शटरच्या गाळ्यात गॅरेज सुरू करणाऱ्याला सस्पेन्शनचं काम चांगलं असतं. शॉकअप, बुश, लिंक रॉड, पाट्यांचे यू बोल्ट या कामांना महागडी मशीन लागत नाही आणि आपल्या रस्त्यांवर ग्राहक कमी पडत नाहीत. पण या कामात नवा पार्ट बसवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ जुना बोल्ट काढायला जाऊ शकतो. हे आधी ज्याला कळतं तो पैसे कमावतो. ज्याला बोल्ट तुटल्यावर कळतं त्याचा दिवस जातो.

माझा रविवार

माझं दुकान नट-बोल्ट, पाने आणि हार्डवेअरचं. बीबीए करून दुकानात नवीन बसलो होतो, तेव्हा आमच्या मालवाहू गाडीचा मागचा शॉकअप गळायला लागला. गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली, ती मला जास्त वाटली. पाने तर आपल्याच दुकानात आहेत, रविवार मोकळा आहे, म्हटलं आपणच करू. अंगणात गाडी लावली, नट हलेना म्हणून पान्याला तीन फुटी पाईप चढवला आणि अंग टाकून जोर दिला. "कट्" असा आवाज आला. मला वाटलं सुटला. बघतो तर बोल्टचं डोकं पान्यात आणि दांडी आत.

पेरणीच्या आधीचे दिवस, दुकानात मालाची गर्दी. तीन दिवस भाड्याची गाडी लावावी लागली. शेवटी त्याच गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने बोल्ट कापून काढला आणि हसत म्हणाला, "भाऊ, पहिलेच आले असते तं स्वस्तात झालं असतं." मजुरी वाचवायला गेलो आणि तिच्या चौपट खर्च करून आलो.

त्या पाईपचं गणित मला नंतर कळलं. एक फुटी पान्यावर 20 किलोचा जोर दिला तर बोल्टवर साधारण 60 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. तीन फुटी पाईपने तोच जोर 180 च्या आसपास जातो. आणि 8.8 ग्रेडचा 10 मिलिमीटरचा बोल्ट कसतानाच साधारण 45 ते 50 न्यूटन-मीटरवर कसतात. गंजाने खाल्लेल्या बोल्टवर मी त्याच्या तिप्पट-चौपट जोर टाकला. तो तुटणारच होता.

आपल्याकडे बोल्ट एवढे का जाम होतात

कोकणातल्या मेकॅनिकला खारी हवा नडते. वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही, तरी बोल्ट जाम होतात. त्याची दोन कारणं आपल्या डोळ्यांसमोर असतात.

एक, काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी गेली की हा चिखल पाट्यांच्या फटीत आणि शॉकअपच्या बुडाशी जाऊन बसतो. वरून वाळलेला दिसतो, आत ओल धरून ठेवतो.

दुसरं, खत. गाडीतून खताची पोती वाहिली जातात, एखादं फुटतं आणि दाणे खाली गळतात. त्यात पोटॅश असेल तर ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा भाऊच. ओल आणि क्लोराइड एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजतं. म्हणून खत वाहणारी गाडी दारात आली की तिचे बोल्ट जाम आहेत असं धरूनच चाला.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जागा आधीच केसाएवढी, त्यात गंज फुगून बसला की दोघं एकमेकांना आवळून धरतात. सस्पेन्शनमध्ये अजून एक त्रास आहे. रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते आणि बोल्ट त्या नळीतून जातो. गंजून बोल्ट नळीलाच चिकटतो. मग नट सुटतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. तुम्ही फिरवता आणि रबर नुसतं पीळ खातं.

पान्याआधी पेन उचला

गाडी आली की लगेच पाना लावायचा नाही. आधी दहा मिनिटं खाली वाकून बघा. आटे दिसतात का, की गंजाचा गोळा झालाय? नटाचे कोपरे शाबूत आहेत की आधी कोणीतरी गोल करून ठेवलेत? बोल्ट आरपार आहे, म्हणजे कापला तर नवीन टाकता येईल, की आंधळ्या भोकात बसलाय? आरपार बोल्ट तुटला तर थोडा वेळ जातो. आंधळ्या भोकातला तुटला तर कधीकधी अख्खा दिवस जातो.

मग ग्राहकाशी बोला. आपल्याकडे संवाद साधारण असा होतो:

"काहून बाप्पा, चार बोल्ट तं आहेत, त्याले एवढा वेळ लागते काय?"

"काका, बोल्ट गंजलेले आहेत. सरळ निघाले तर ठरलेलेच पैसे. नाही निघाले तर कापावे लागतील, त्याचे वेगळे. पण कापायच्या आधी मी तुम्हाला फोन करतो."

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. ग्राहक जास्त पैशाने तेवढा चिडत नाही, जेवढा न सांगता लावलेल्या पैशाने चिडतो. बोललेलं अंदाजपत्रकावर लिहा आणि बोल्टचा फोटो काढून ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नंतर "तुम्हीच तोडला" म्हणायला जागा राहत नाही.

जीव आधी, बोल्ट नंतर

जाम बोल्टवर जोर देताना गाडी हलते. म्हणून नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका. सपाट, कडक जमीन, चाकांना ठोकळे आणि वजन पेलणारे स्टँड हवेतच. विटा रचून गाडी टेकवू नका, वीट न सांगता फुटते. ग्राइंडर आणि छिन्नी चालवताना डोळ्यांवर चष्मा हवा.

पुढच्या स्ट्रटमध्ये स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय तिचा मधला नट उघडायचा नाही. तो नट सुटला तर स्प्रिंग गोळीसारखी उडते. कॉम्प्रेसर नसेल तर ते काम घेऊ नका.

स्वस्त उपाय आधी, महाग नंतर

आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक पायरीला वेळ ठरवा आणि ती फसली तरच पुढची चढा.

1. साफ करा. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा. नट त्याच आट्यांवरून बाहेर येणार आहे. तिथे माती आणि गंज राहिला तर अर्धा सुटलेला नट परत अडकतो.

2. तेल आणि वेळ. गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि मुरू द्या. डब्ल्यूडी-40 सगळ्यांना माहीत आहे. ते 1953 मध्ये अमेरिकेत बनलं आणि नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळीसावं मिश्रण असा आहे. हलक्या गंजाला साधा डबा चालतो, पण जुन्या जाम बोल्टला खास मुरणारं तेल घ्या. तेल मारून लगेच पाना लावला तर तेलाचे पैसे वाया. शक्य असेल तर ग्राहकाला आदल्या संध्याकाळी बोलवा, तेल मारून गाडी परत पाठवा आणि सकाळी काम धरा. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तेल आत जायला मदतच होते.

3. बरोबर पाना. सहा कोनी गोटी किंवा रिंग पाना वापरा. बारा कोनी गोटी कोपऱ्यांना धरते आणि गंजलेले कोपरे गोल करते. उघड्या तोंडाचा फिक्स पाना जाम नटावर लावूच नका. गंजाने नट झिजला असेल तर आधीची मापाची गोटी हातोडीने ठोकून बसवा.

4. ठोका. बोल्टच्या डोक्यावर किंवा नटाच्या बाजूवर हातोडीचे नेमके फटके मारा. हादऱ्याने गंजाची पकड तडकते. बोल्टच्या आटे असलेल्या टोकावर ठोकायचं असेल तर नट टोकाबरोबर सपाट ठेवा, नाहीतर आटे चेपतात.

5. मागे-पुढे करा. आधी थोडासा कसण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या. हलला की एकदम सोडत सुटू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा कसा, तेल मारा. फिरवताना परत जड लागला तर थांबा. ओढत राहिलात तर गंजाचा चुरा आट्यांत दाटतो आणि बोल्ट तुटतो. पाना स्प्रिंगसारखा लवतोय आणि नट हलत नाही, हा बोल्ट तुटण्याआधीचा इशारा समजा.

6. उष्णता. नट तापवा, बोल्ट नाही. नट फुगला पाहिजे. नटाचं 12 मिलिमीटरचं भोक 200 अंशांनी तापलं तर साधारण 0.03 मिलिमीटर मोठं होतं. डोळ्याला दिसत नाही, पण गंजाची पकड सुटायला ते पुरतं. मात्र तेल मारलेल्या जागी ज्योत नेऊ नका, आधी पुसून कोरडं करा. शॉकअप, रबरी बुश, बॉल जॉइंट, ब्रेकची नळी आणि डिझेलची टाकी यांच्याजवळ ज्योत नकोच. शॉकअपच्या आत तेल आणि कधी दाबाचा गॅस असतो, तो तापून फुटू शकतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागीही तापवू नका, काही क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतात. आणि तापवलेला नट-बोल्ट परत वापरायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

7. कापा. नवीन पार्ट बसवायचाच असेल तर जुन्याची दया नको. पाट्यांचे यू बोल्ट तसेही परत वापरू नयेत, त्यांचे नट ग्राइंडरने कापणं सगळ्यात सोपं. लिंक रॉडचा नट फिरतो आणि आतला बॉलही फिरतो, तेव्हा टोकाला ॲलन की लावून बॉल धरा. नाही जमलं तर कापा. बुशच्या नळीला चिकटलेला बोल्ट बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून दोन्ही बाजूंनी कापतात. तिथे आर्म आणि बुश दोन्ही नवीन टाकायचे असतील तर हाच रस्ता वेळ वाचवतो. फक्त ब्रॅकेटला ब्लेड लागू देऊ नका. चासीचा भाग कापला गेला तर ते नुकसान तुमचं.

तुटलाच तर

तुटलेल्या बोल्टची दांडी बाहेर दिसत असेल तर नशीब चांगलं. लॉकिंग पकडीने धरून मागे-पुढे फिरवा. आटे चांगले असतील तर दोन नट एकमेकांवर कसून आतला नट फिरवा. त्यानेही नाही झालं तर दांडीवर नवीन नट ठेवून आतून वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि पाना लावायला नटही मिळतो, एका कामात दोन फायदे. थोडं थंड होऊ द्या आणि मग फिरवा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

दांडी आतच तुटली असेल तर ड्रिल. बरोबर मध्यावर पंच मारा, बारीक बिटाने सुरुवात करा, कमी वेग, थोडं तेल. मध्य चुकला तर भोकाच्या भिंतीचे आटे जातात. त्यात इझी आउट ठोकून उलटं फिरवतात, पण नवशिक्यांनी जपून. इझी आउट फार कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या बिटाने ड्रिल होत नाही, आणि मग छोटं काम मोठं होतं. जो बोल्ट चांगल्या पान्याने सुटला नाही, तो बारीक इझी आउटने सुटेल ही आशा कमीच.

आटे परत मारायचे तर मापं पाठ हवीत. 8 मिलिमीटर, 1.25 पिचच्या टॅपला 6.8 चं भोक. 10 मिलिमीटर, 1.5 पिचला 8.5 चं. 10 मिलिमीटर, 1.25 पिचला 8.8 चं. टॅप लावण्याआधी पिच गेजने जुना बोल्ट मोजा, अंदाजाने टॅप मारू नका.

कुठे थांबायचं

नकल, हब, ब्रेक कॅलिपरची जागा किंवा ॲल्युमिनियमचा भाग असेल आणि बोल्ट आत तुटला असेल, तर पार्ट काढून लेथवाल्याकडे न्या. सस्पेन्शनचा आर्म किंवा स्टीअरिंगचा कोणताही भाग वेल्डिंग करून "जुळवून" देऊ नका. ती गाडी उद्या अकोला-वाशिम-नांदेड महामार्गावर किंवा समृद्धीवर वेगात धावणार आहे आणि आत कोणाचं तरी घर बसलेलं असणार आहे. "हे माझ्याकडे होणार नाही, चला लेथवर नेतो" असं म्हणणारा मेकॅनिक ग्राहकाच्या लक्षात राहतो.

बसवताना पुढच्या वेळेचा विचार करा

नवीन बोल्ट जुन्याच ग्रेडचा घ्या. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेलं असतं. आमच्या काउंटरवर रोज कोणीतरी "काहीही द्या, माप बसलं पाहिजे" म्हणतं. सस्पेन्शनला असा बोल्ट देऊ नका आणि घेऊ नका. नायलॉनवाला लॉक नट दर वेळी नवीन टाका.

बुशच्या नळीतून जाणाऱ्या बोल्टच्या दांडीला ग्रीसचा पातळ थर लावा. आट्यांना मात्र लावू नका, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच आट्यांना काही लावा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसताना गाडीचं वजन चाकांवर हवं. हवेत लटकलेल्या अवस्थेत कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट पहिल्या भरलेल्या फेरीनंतर परत तपासायला बोलवा. त्या निमित्ताने ग्राहक दुसऱ्यांदा दारात येतो.

हिशोब

समजा मागच्या दोन्ही शॉकअपची मजुरी तुम्ही 600 रुपये ठरवली आणि वेळ धरला दीड तास. म्हणजे तासाला 400. एक बोल्ट तुटला आणि काम 6 तासांवर गेलं. ड्रिल बिट, ग्राइंडरचं चाक, नवीन बोल्ट मिळून 350 गेले. हातात राहिले 250, तेही 6 तासांचे. तासाला 42 रुपये सुद्धा पडले नाहीत. शिवाय दुपारी आलेले दोन ग्राहक परत गेले, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.

म्हणून मजुरीचा तक्ता करून भिंतीवर लावा: बोल्ट तेल-हातोडीने सुटला तर जादा काही नाही, कापावा लागला तर बोल्टमागे इतके, ड्रिल करून आटे मारावे लागले तर इतके, लेथचा खर्च बिलाप्रमाणे. रक्कम तुमच्या गावाच्या बाजाराप्रमाणे ठरवा, पण काम सुरू होण्याआधी ठरवा. आणि बोल्ट तुमच्या घाईने तुटला असेल, तर तो खर्च ग्राहकावर टाकू नका. मला त्या रविवारी ज्याने सोडवलं, त्याने जादा पैसे घेतले, पण कुठे किती लागले ते एकेक दाखवून घेतले. आजही माझी गाडी त्याच्याकडेच जाते.

हत्यारं एकदम घेऊ नका. सुरुवातीला सहा कोनी गोट्यांचा चांगला सेट, लांब दांडी, तारेचा ब्रश, मुरणारं तेल, लॉकिंग पकड, ग्राइंडर, दोन भक्कम स्टँड आणि चष्मा. टॅप पूर्ण पेटीऐवजी 8, 10 आणि 12 मिलिमीटरचे, नेहमी लागणाऱ्या पिचचे घ्या. वेल्डिंग मशीन काम वाढल्यावर, तोपर्यंत शेजारच्या वेल्डरशी दर ठरवून ठेवा. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत जाताना हत्यारांचं कोटेशन आणि उद्यम नोंदणी सोबत ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

उद्या सकाळी पहिली गाडी आली की एवढं करून बघा: पाना बाजूला ठेवा, खाली वाका, बोल्टचा फोटो काढा, ग्राहकाशी बोला, तेल मारा आणि तोपर्यंत दुसरं काम धरा. पुढच्या व्हिडिओत मी एक खरा जाम बोल्ट काढून दाखवणार आहे, आदल्या दिवशी सैल न करता. जेवढा वेळ लागेल तेवढा लागेल, घड्याळ कॅमेऱ्यासमोर ठेवतो.